चाररेघी वही आणि चिंचोके

शाळा सुरू व्हायच्या सुमारास चौकाचौकात नर्सरीचे फ्लेक्स लागतात. एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड, सीसीटीव्ही, सगळं असतं त्यावर. मुलांपाशी दिवसभर कोण बसणार, तिचं प्रशिक्षण काय आणि तिच्या हातात पगार किती पडतो, एवढंच नसतं. पालकांनाही त्याचं काही वाटत नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘लिहायला कधी घेता?’ मग साडेतीन वर्षांच्या पोराच्या मुठीत पेन्सिल कोंबायची आणि चाररेघी वहीत ‘ए’ची पलटण उभी करायची. त्या वयात मनगटातली हाडंही पुरती तयार झालेली नसतात. पण वही भरली की फी वसूल! शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांचा, त्यामुळे सहाच्या आतलं मूल तसंही कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच.

सरकारी अंगणवाडीत पेन्सिलीचा जाच कमी, पण तिथे सेविकाच वहीत अडकलेली. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरोदर-स्तनदा माता असं सगळं तिच्या पदरात बांधलं आणि पूर्वशालेय शिक्षणही त्यातच घातलं. आहार मोजता येतो, वजन काट्यावर दिसतं. त्यामुळे तपासणीत विचारणा होते ती त्यांचीच. २०२१पासून भर पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपची. खिचडी शिजतेय, एक पोर रडतंय आणि ताई मोबाइल उंच धरून रेंज शोधतेय. या कामाला पगार नाही, ‘मानधन’ आहे. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावा लागला.

खरं तर हे सगळं जिथून निघालं तिथे पट्टी वेगळी होती. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं यांच्यावर काम भागवलं. पैसे नव्हते म्हणून ही तडजोड, असं मानायचं कारण नाही. मुलाच्या हाताला ओळखीची वस्तू लागली की त्याला बोलायला काहीतरी असतं, आणि खरा मुद्दा या बोलण्याचाच आहे.

समजा, चार वर्षांची एक मुलगी चिंचोक्यांचे दोन ढीग करते. एकात अख्खे, दुसऱ्यात साल निघालेले पांढरे. ‘किती आहेत गं?’ असं विचारलं तर ती ‘दहा’ म्हणून मोकळी होईल, मग असोत कितीही. ‘हे इकडे का ठेवलेस?’ असं विचारून ताई थांबली, तर ती म्हणेल, ‘त्यांना थंडी वाजते, त्यांचे कपडे काढलेत.’ ‘मग आता?’ मुलगी उठते, पिंपळाचं पान आणते, पांढऱ्यांवर पांघरते. वर्गीकरण झालं, कारण सांगून झालं, उपायही सापडला, आणि यातला एकही शब्द ताईने शिकवलेला नाही. तिने फक्त दोन प्रश्न विचारले आणि उत्तराची वाट पाहिली. या वाट पाहण्याला ना रजिस्टरात रकाना, ना ॲपमध्ये बटण. फोटो काढला तरी त्यात चिंचोकेच दिसतील.

२०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, हे चांगलंच झालं. पण पाया म्हणायचं आणि तो घालणारीला पोषणाच्या नोंदींना जुंपायचं, हे कसं चालेल? प्रत्येक अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी एक वेगळी सेविका द्या, तीही मानधनावर नको, पगारावर हवी. आणि तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिकेने रजिस्टर न उघडता अर्धा तास कोपऱ्यात बसून ऐकावं, ताई जास्त बोलते की मुलं. याला ना ॲप लागतं ना अनुदान. फक्त वेळ लागतो, आणि एकेका पर्यवेक्षिकेच्या गळ्यात आज वीस-पंचवीस अंगणवाड्या आहेत.