आंग्रियावर पुन्हा कोण उतरणार?

विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, भर दर्यात, पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. त्याला नाव कान्होजी आंग्र्यांचे : आंग्रिया बँक. लांबी चाळीसेक किलोमीटर, पण माथा कुठेच पाण्याबाहेर नाही. अगदी उथळ भागही वीस मीटरच्या आसपास खोल. तिथे प्रवाळ आहे. डिसेंबर २०१९मध्ये संशोधकांचे पथक तिथे बुड्या मारून आले, बातम्या झाल्या, कोकणाला अभिमान वाटला. पुढे?

वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट. सिलिंडरमधली हवाही तिप्पट वेगाने संपते. पंचवीस मीटरवर अर्ध्या तासाहून फार रेंगाळले, की अंगात मुरलेला नायट्रोजन वर येताना बुडबुडे होऊन बाधतो. आणि त्यावर उपचार करणारा दाबकक्ष बोटीवर नसतो. एवढ्या वेळात फीत अंथरायची, तिच्या कडेने प्रवाळ मोजायचे, छायाचित्रे काढायची, पाटीवर पेन्सिलीने टिपायचे. प्रवाहाला ओढ असली तर बुडीच रद्द. पावसाळ्यात तर तिकडे फिरकायलाच नको. उपग्रहावर भिस्त ठेवावी, तर इतक्या खोलीवर जिवंत प्रवाळ कोणते आणि मेलेले कोणते, हे त्याला नीट कळत नाही. माणूसच उतरावा लागतो.

आणि एकदा उतरून भागत नाही. लक्षद्वीपमध्ये १९९८च्या मोठ्या विरंजनापासून, म्हणजे समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले तेव्हापासून, म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक पुनःपुन्हा पाण्यात उतरत राहिले. म्हणूनच १९९८ ते २०२२ या काळात तिथले जिवंत प्रवाळ ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आले, हे आज ठामपणे सांगता येते. २०१० आणि २०१६च्या उष्ण लाटांनी काय केले, मधल्या वर्षांत किती भरून आले, हेही. एका फेरीतून प्रजातींची यादी मिळते. ऱ्हास कळायला दुसरी, तिसरी, दहावी फेरी लागते.

पण पहिल्या मोहिमेला नारळ फुटतो, मंत्री येतात. पाचव्यांदा तीच फीत अंथरायला जाणाऱ्याचा डिझेलखर्च कोणत्या लेखाशीर्षात बसवायचा, यावर फाइल अडते. माणसांची वाण आहे असेही नाही. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मालवणची पोरे रोज पर्यटकांना पाण्याखाली नेतात. त्यांतल्या निवडक दहा-बारा जणांना प्रवाळ ओळखायला आणि मोजायला शिकवून, पगार देऊन, संशोधकांबरोबर धाडणे फार अवघड नाही.

आंग्रिया बारा सागरी मैलांच्या बाहेर, म्हणजे राज्याच्या हाताबाहेर. तिला संरक्षण द्यायचे तर १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्रानेच अधिसूचना काढायला हवी. ती जरूर निघावी. फक्त तिच्या मसुद्यात दर दोन वर्षांनी, ठरलेल्या त्याच जागांवर बुड्या मारण्याचा खर्च आणि तो कोणी सोसायचा, हे आधी लिहून घ्यावे.