गुणाकाराच्या पाठात आमच्या आसपासचे फोटो छापा

प्रति,
मा. संचालक,
बालभारती, पुणे

महोदय,

मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते. पाढे पाठ व्हायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सहा पंचे तीस धडाधड म्हणणारं मूल किराणा दुकानात अंड्यांच्या ट्रेसमोर उभं केलं, की बोटाने एक-दोन-तीन मोजू लागतं. पाढ्याची आणि ट्रेची त्याच्या मनात गाठच पडलेली नसते.

फोटो ती गाठ घालून देतो. ट्रेचा फोटो बरोबर वरून काढायचा. तिरका आला तर मागच्या ओळी बारीक दिसतात, हे मुलं स्वतःच ओळखतात. आडव्या ओळी सहा, प्रत्येकीत पाच. मग ऑटो-रोटेट बंद करून मोबाइल फिरवायचा. आता ओळी पाच, प्रत्येकीत सहा. अंडी तीसच. सहा पंचे आणि पाच सक एकच का, हे मला सांगावं लागत नाही.

पुढचा फोटो काढताना वरची एक ओळ आणि डावीकडची एक ओळ उघडी ठेवून बाकीच्या अंड्यांवर कागद ठेवायचा. मोजायला बाकीची अंडी दिसतच नाहीत. मुलं थबकतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘वर पाच, बाजूला सहा, म्हणजे तीस!’ माझ्या मते गुणाकार समजला तो या क्षणी.

हाताने काढलेल्या चित्रांत बहुधा गट आधीच पाडलेले असतात: चार ताटल्या, प्रत्येकीत तीन आंबे. खिडकीची जाळी, गोळ्यांचं पाकीट, एसटीची बाकं, पावाची लादी यांच्या फोटोंत ते शोधावे लागतात. कांद्याच्या ढिगाचा फोटोही हवाच. तिथे समान गट नाहीत, म्हणून गुणाकार चालत नाही, हे ठरवता येणंही गणितच आहे.

२०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ हे वाचन आलं. मंगला नारळीकरांच्या गणित समितीवर तेव्हा खूप टीका झाली. मूल कुठे अडतं हे पाहून पाऊल उचलण्याचं ते धैर्य मला आजही मोलाचं वाटतं.

तेच धैर्य इथेही दाखवा. तिसरीच्या पुस्तकात अशा फोटोंना चार पानं द्या, त्यातले निम्मे झाकलेले असू द्या. क्यूआर कोडमागे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलांनी काढलेले फोटो ठेवा. ते शाळांकडून मागवा; आम्ही शिक्षक आनंदाने पाठवू.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका