न जिंकलेल्या घोडीची पारख

सुरतेस शर्यतीचे मैदान नाही; इथले शौकीन मुंबईस महालक्ष्मी गाठतात. अशाच एका स्नेह्याने परवा विचारले, "मास्तर, एकदाही न जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावावेत काय?"

मला जपानची हारू उरारा आठवली. सप्टेंबर २०२५ मध्ये एकोणतीस वर्षांची होऊन ती वारली. कोचीच्या (केरळातल्या नव्हे) मैदानावरची ही घोडी १९९८ ते २००४ या काळात ११३ शर्यती धावली. जिंकली एकही नाही. पराभवांची शंभरी भरत आली तशी ती देशभर गाजली. हिचे तिकीट लागत नाही, तशी आपली मोटारही कोणाला लागू नये, म्हणून लोक ते जवळ बाळगू लागले!

पण लोभ निराळा, पारख निराळी. नुसते 'हरली' म्हटल्याने काही कळत नाही. किती फरकाने, केवढ्या पल्ल्यावर, पाठीवर किती वजन घेऊन आणि कोणत्या प्रतीच्या घोड्यांपुढे, हे पाहावे. शेवटच्या टप्प्यात वेग वाढवीत मानभर मागे राहिलेले शिंगरू लांब पल्ल्यावर जिंकण्याचा पुष्कळ संभव असतो. आमचे वडील दरबारी गवई. सम थोडक्यात चुकणाऱ्या शिष्याला ते ठेवून घेत. ज्याला ताल कळतच नाही, त्याला प्रेमाने जेवू घालून परत पाठवीत.

२२ मार्च २००४ रोजी जपानचा अव्वल जॉकी युताका ताके हारूवर बसला. अकरांत ती दहावी आली. एका शर्यतीवरून निकाल देऊ नये हे खरे. पण आधीच्या १०५ होत्याच.

स्नेह्याला म्हटले, त्या घोड्याच्या मागल्या पाच शर्यतींचा तक्ता आणा. तक्ता काही आला नाही. फ्लाइंग राणीचे तिकीट मात्र त्यांनी आधीच काढले होते.