हमीपत्र म्हणजे कारखानदाराची मेहेरबानी नव्हे

ट्रॅक्टर घेतांना किंमतीची घासाघीस करण्यांत आपण शेतकरी दिवसचे दिवस घालवितों. परंतु त्याबरोबर मिळणारें हमीपत्र वाचण्यास अर्धा तासही देत नाहीं. या उदासीनतेचें फळ प्रस्तुत लेखकानेंही चाखलें आहे.

गतवर्षीं वैशाखांत आमच्या ट्रॅक्टरचें हायड्रॉलिक बिघडलें. पलटी नांगर उचलावा, तों थोड्याच वेळांत तो आपोआप खालीं येई. ट्रॅक्टर घेऊन पुरतें वर्षही झालें नव्हतें. "तेलांत पाणी गेलें, चूक तुमची," असें सांगून विक्रेत्यानें खर्चाचा अंदाज हातीं ठेविला. कारखान्यास विचारावें, तर तो विक्रेत्याकडे बोट दाखवी. या टोलवाटोलवींत नांगरटीचे अठरा दिवस गेले व शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानें आणावा लागला. अखेर तेलबदलाच्या पावत्यांच्या नकला जोडून, तेलांत पाणी आढळल्याचा तपासणी-अहवाल आम्हीं लेखी मागितला, आणि तेंच पत्र कारखान्याच्या मुख्य कचेरीस स्पीड पोस्टानें धाडलें. अहवाल आलाच नाहीं. कारखान्याचा माणूस मात्र आठवड्याचे आंत आला आणि पंप विनामूल्य बदलून गेला.

बोध उघड आहे. हमीचें मोल आपण खरेदीच्याच वेळीं भरलेलें असतें. ती मागणें ही याचना नव्हे. परंतु तोंडी मागणीस पुरावा नसतो. ट्रॅक्टरच्या हमीची मुदत बहुधा वर्षें व कामाचे तास अशा दोन्ही परींनीं दिलेली असते, आणि जें आधीं पुरें होईल तेथें ती संपते. म्हणून बिघाड दिसतांच तारीख व तासमापकावरील आंकडा घालून लेखी तक्रार द्यावी; जॉबकार्डावर बिघाडाचें वर्णन नीट लिहवून घेऊन त्याची प्रत जवळ ठेवावी. असा कागद हातीं असला, म्हणजे "मुदत संपली" हें उत्तर लंगडें पडतें. मुदतींत गांवच्या मिस्त्रीकडून यंत्र उघडवूं नये. हमी नाकारण्यास तेंच निमित्त पुरतें.

इतकें करूनही दाद न लागल्यास कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यान्वयें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते. कारखाना दूर परप्रांतीं असला तरी अडत नाहीं. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरे. पांच लाखांपर्यंत शुल्क नाहीं. त्यापुढें दहा लाखांपर्यंत अवघे २०० रुपये. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. मात्र तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांचे आंत अर्ज गेला पाहिजे. तत्पूर्वीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवावी.

"शेती हा धंदा, म्हणून तुम्ही ग्राहक नव्हे," असा आक्षेप कोणी घेईल. स्वयंरोजगारानें केवळ उपजीविका करण्यासाठीं घेतलेली वस्तु व्यापारी हेतूची मानूं नये, असें कायद्यांतच म्हटलें आहे; आणि बियाण्यांच्या वादांत शेतकरी हा ग्राहकच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं ठरविलें. ट्रॅक्टर भाड्यानें देण्याचा मोठा व्यवसाय चालविणाऱ्यानें मात्र हा आधार गृहीत धरूं नये.

तथापि मागणीही प्रमाणांत असावी. हमीपत्रांत भाग दुरुस्त करण्याचें वा बदलण्याचें वचन असतां सबंध नवी गाडी मागतां येत नाहीं, असें त्याच न्यायालयानें २००६ सालीं एका मोटारीच्या वादांत म्हटलें. तसेंच ठरल्या तासांस सर्व्हिस न करणाऱ्यानें कारखान्यास दोष देऊं नये.

आमची सूचना एवढीच कीं, खरेदीचें बिल, हमीपत्र, सर्व्हिसच्या पावत्या व जॉबकार्डें हीं सातबाऱ्याच्या उताऱ्याइतक्याच काळजीनें एका जागीं ठेवावीं; आणि लिहिण्यास संकोचणाऱ्या शेजाऱ्यास जाणत्या शेतकऱ्यानें पहिलें पत्र लिहून द्यावें. घात निघून गेल्यावर मिळालेला न्याय त्या वर्षाच्या पिकास उपयोगी पडत नाहीं. पहिल्या दिवशीं लिहिलेलें पत्र मात्र पडूं शकतें.