लेपाचा खर्च, गंजाची किंमत

काँक्रीट म्हणजे चिरंजीव दगड, अशी समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात रूढ झाली आहे. पूल उभा राहिला, फीत कापली गेली, की शासनाचे कर्तव्य संपले असे मानले जाते. वस्तुतः काँक्रीटच्या पोटात पोलाद असते. सिमेंटची अल्कधर्मिता त्याचे रक्षण करते. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपून ही अल्कधर्मिता घटवितो. समुद्राकाठी खाऱ्या हवेतील क्लोराइड सळ्यांपर्यंत पोचून त्यांचे कवच भेदते. गंज मूळ पोलादाहून कित्येक पट जागा व्यापतो. आतून दाब येऊन काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. म्हणूनच छताची अशी भेग ही रोगाची सुरुवात नसून उशिरा दिसलेले लक्षण होय.

या रोगाला वेळीच अटकाव करणारे लेप उपलब्ध आहेत. सिलेन पृष्ठभागात मुरून पाण्याला दूर ठेवते. ॲक्रिलिकचे काही लेप कार्बन डायऑक्साइडला अडवितात. इपॉक्सी उन्हात टिकत नाही म्हणून तिच्यावर पॉलियुरेथेनचा थर द्यावा लागतो. मात्र पृष्ठभाग घासून, भेगा बुजवून, कोरडा केल्यावाचून लावलेला लेप व्यर्थ होय. गंजलेल्या सळ्यांवर केवळ रंग फासणे म्हणजे रोग झाकणे. आणि ठेकेदाराला पुष्कळदा तेच सोयीचे असते.

१९७० साली खुला झालेला पणजीचा मांडवी पूल १९८६ च्या जुलैत कोसळला आणि जनतेला पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. पूर्वताणित पोलादाला लागलेला गंज हे त्याच्या नाशाचे एक प्रमुख कारण मानले गेले. केवळ वरच्या लेपाने तो पूल वाचला असता, असे म्हणता येणार नाही. परंतु पोलादाच्या संरक्षणाची हयगय किती महाग पडते, हे त्याने दाखविले.

डी सिटर या अभियंत्याने १९८४ साली मांडलेला ‘पाचांचा नियम’ हेच सांगतो : आरंभी योग्य संरक्षणावर वाचविलेला १ रुपया पुढे देखभालीत ५, दुरुस्तीत २५ आणि पुनर्बांधणीत १२५ रुपयांचा होतो. हे आकडे ढोबळ असले, तरी त्यांची दिशा निर्विवाद आहे. मग शासन हा १ रुपया का वाचविते? कारण नव्या कामाचे भूमिपूजन करता येते, देखभालीचे येत नाही. नव्या कामात मोठा ठेका असतो, देखभालीत तो नसतो.

या हिशेबात भरडला जातो तो सामान्य भाडेकरू. मुंबई महानगरपालिका कायद्याचे ३५३-ब कलम ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना-तपासणी सक्तीची करते. सधन सोसायटी तपासणीही करून घेते आणि लेपही लावते. कामगार वस्तीच्या हाती मात्र ‘धोकादायक’ अशी नोटीस पडते, आणि मग बिल्डर दाराशी येतो. दोरीच्या झुल्यावर लोंबकळत, मुखपट्टी व हातमोजे यांवाचून इपॉक्सीची वाफ गिळणारा कंत्राटी मजूर तर कोणाच्याच हिशेबात नसतो.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक सार्वजनिक बांधकामाच्या अंदाजपत्रकातच देखभालीची स्वतंत्र व अखंड तरतूद असावी. निम्न उत्पन्न गटाच्या इमारतींची तपासणी व संरक्षक लेपन सार्वजनिक निधीतून व्हावे. लेप लावणाऱ्या मजुराला सुरक्षासाधने पुरविल्यावाचून ठेकेदाराचे बिल मंजूर होऊ नये. जे जनतेच्या पैशाने बांधले, ते जपणे ही मेहेरबानी नव्हे; ते शासनावरील ऋण आहे.