नर्सिंगचा अर्ज भरण्यापूर्वी

प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी क्रांतिज्योती सावित्रीमाईंचे निधन झाले. हा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो, आणि त्याच वर्गातल्या मुली बारावीनंतर नर्सिंगचा अर्ज घेऊन आमच्याकडे येतात. यंत्रमागावर राबणारे त्यांचे पालक विचारतात, "सर, चार वर्षांची डिग्री की तीन वर्षांचे जीएनएम?"

सीईटी देऊन शासकीय महाविद्यालयात बी.एस्सी.ची जागा मिळाली, तर दुसरा विचार करूच नये. न मिळाल्यास कर्ज काढून नावापुरत्या खाजगी महाविद्यालयातील पदवीमागे धावण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाशी जोडलेले जीएनएम आम्ही श्रेयस्कर मानतो. नोंदणीकृत परिचारिका दोन्ही मार्गांनी होता येते. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळते. पालकांनी इमारत पाहू नये, रुग्णालयाच्या खाटा भरलेल्या आहेत का ते पाहावे. रुग्णच नसतील तर मुलगी शिकणार कोणाजवळ?

अकरावीला जीवशास्त्र सोडलेल्या मुलीला मात्र बी.एस्सी.चे दार बंद होते. ही चूक दहावीच्या सुट्टीत घडते, आणि तीत आम्हा शिक्षकांचाही वाटा असतो. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही अकरावीतच करावा; यादीत नाव लागल्यावर त्यासाठी धावणाऱ्या बापांचे चेहरे आम्ही विसरलेलो नाही.