हरलेला दावा, जिंकलेला विचार

पाच वर्षांची सारा रॉबर्ट्स शाळेला निघायची तेव्हा वाटेत गोऱ्या मुलांच्या पाच शाळा लागायच्या. एकीतही तिला प्रवेश नव्हता. कारण ती काळी! ही गोष्ट गुलामांच्या बाजारपेठा असलेल्या दक्षिणेतली नाही. सुधारकांचे म्हणून मिरवणाऱ्या बोस्टन शहरातली आहे. तिच्या वडिलांनी दावा लावला. १८४९ मध्ये तो लढवला चार्ल्स सम्नर या गोऱ्या वकिलाने. जोडीला होते कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट मॉरिस.

सम्नर यांनी या भेदाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. वेगळी शाळा म्हणजे जात, असे सांगताना त्यांनी थेट हिंदुस्थानातल्या जातिव्यवस्थेचा दाखला दिला. आणि तिच्यावर उतारा सांगितला : कायद्यापुढे समानता. १८५० मध्ये निकाल विरोधात गेला. पण चळवळ थांबली नाही. १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याला कायदा करून शाळांतला हा भेद बंद करावा लागला.

पुढे सिनेटर झालेल्या सम्नर यांनी गुलामगिरीवर आसूड ओढला, म्हणून २२ मे १८५६ रोजी दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने भर सिनेटमध्ये त्यांना काठीने रक्तबंबाळ केले. सावरायला तीन वर्षे लागली. तरी जनतेच्या प्रतिनिधींनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले.

१८७४ मध्ये मरतानाही त्यांना आपल्या नागरी हक्क विधेयकाचीच काळजी होती. १८७५ मध्ये ते मंजूर झाले, पण शाळांचे कलम वगळून. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुख्य कलमेच रद्द केली. १८९६ मध्ये तर 'वेगळे पण समान' या ढोंगाला साराच्या विरोधातल्या त्याच निकालाचा आधार घेतला गेला. अखेर १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. सम्नर यांचे म्हणणे पटायला शंभरावर वर्षे लागली!

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, तो उगीच नव्हे. 'कायद्यापुढे समानता' हे तत्त्व आपल्या संविधानाच्या चौदाव्या कलमात आहे. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवू. दावा हरला तरी खरा युक्तिवाद मरत नाही. आणि कायदा झाला म्हणून पहारा सोडायचा नसतो. राखणारे झोपले की हक्काचे कलम कागदावरच राहते.